बिनमातीचं झाड

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते, लातूर-औसा-सोलापूर या रस्त्यावर. घरी आले तरी त्यांची गाडी थांबायची नाही. चुलीपुढं जेवायला बसताना मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बसूला म्हणायचे, "चला, सरका पुढं, मागची जागा मोकळी हाय." भाकरी संपत आली की ताटाच्या काठावर दोनदा बोट वाजवायचे. ती डबल बेल. अव्वा तव्यावरची पुढची भाकरी त्यांच्या ताटात टाकायची आणि तोंडानं काही न बोलता नुसतं बघायची. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, आमच्यात तसंच म्हणतात. तिला बोलायला वेळ नसायचा. जे काही म्हणायचं ते ती बघूनच म्हणायची, आणि ते सगळ्यांना कळायचं.

घर म्हणजे डाळमिलच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सकाळी मिलचा पट्टा सुरू झाला की त्याची फटफट दिवसभर कानात असायची, इतकी की वीज जाऊन मिल बंद पडली तर आम्ही दचकून बाहेर यायचो. तुरीच्या टरफलांची बारीक धूळ हवेत असायची. ती वाळत घातलेल्या धोतरावर बसायची, पापडावर बसायची, माझ्या वहीवर बसायची. मिलमधून डाळीची चुरी स्वस्तात मिळे, त्यामुळं वरण मात्र आमच्याकडं कधी कमी पडलं नाही. भाजी नसली की येसराचा मसाला घालून पातळ आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्या वर्षी तर भाजी नसायचीच.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्हा झाला म्हणून ऑफिसं आली, पण ऑफिसांना जागा नव्हती, म्हणून मिळेल तिथं ती उघडली. आमच्या समोरच्या धान्याच्या गोदामाला चुना फासून त्यावर एक पाटी लागली आणि आत टाइपरायटर खडखडू लागले. गल्लीत जीप उभी राहू लागली. शेजारच्या रंभाकाकू ओट्यावर बसून सगळं बघायच्या. त्या म्हणाल्या, "जिल्हा झालाय, आता पाऊस बी जिल्ह्यासारखा पडंल." पाऊस तालुक्यासारखासुद्धा पडला नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. कोपऱ्यावरचा हापसा आधी गढूळ पाणी द्यायला लागला, मग नुसती हवा. दांडा खाली दाबला की तो गाढवासारखा ओरडायचा, आणि आम्ही पोरं पाण्यासाठी नाही तर त्या आवाजासाठी त्याला दाबायचो.

याच दिवसांत औशाचा रस्ता रुंद करायला काढला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने आंबे होते, ते पडायला लागले. आप्पांना ते रोज गाडीतून दिसायचं. एका संध्याकाळी ते ड्युटीवरून आले ते टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून. तिकिटांची पेटी खाली ठेवली, टॉवेल उघडला. आत एक झाड होतं, पण मी तोवर पाहिलेल्या झाडांसारखं नव्हतं. जाड, चामड्यासारखी, मधून दुमडलेली पानं दोन्ही बाजूंना रांगेत लावल्यासारखी, आणि खाली बोटाएवढी पांढरी मुळं, कुठंच न रुतलेली, नुसती लोंबत असलेली.

"पडलेल्या आंब्याला चिटकून होतं," आप्पा म्हणाले. "गाडी पंक्चर झाली म्हणून उतरलो. झाडाला कुऱ्हाड लागली, याचा काय दोष? घेऊन आलो."

अव्वानं ते पाहिलं. "बांडगूळ घरात आणलं," ती म्हणाली.

"बांडगूळ न्हाई वाटत."

"दुसऱ्याच्या खांद्यावर बसून खातंय ते बांडगूळच." एवढं बोलून ती पीठ मळायला गेली, म्हणजे तिच्या मानानं भाषणच झालं.

आप्पांनी तारेचा आकडा करून झाड पडवीच्या वाशाला लटकवलं. त्यांना वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी ते मुक्कामाच्या गाडीवर गेले आणि झाड माझ्याकडं आलं, कुणी दिलं असं नाही, पण आलं. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या शास्त्राच्या सरांना मी त्याचं एक पडलेलं पान नेऊन दाखवलं. सय्यद सर मूळचे उदगीरचे. काळी शेरवानी घालण्याचे दिवस त्यांच्या वडिलांबरोबर गेले होते, पण बोलण्यातली अदब राहिली होती. ते पानाकडं बघत म्हणाले, "बेटा, झाडच दाखव मला." आणि खरंच शाळा सुटल्यावर सायकल घेऊन आमच्या गल्लीत आले. पडवीत उभं राहून त्यांनी मुळाला बोट लावलं.

"हे बांडगूळ न्हाई," ते अव्वाला ऐकू जाईल असं बोलले. "बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालतं, त्याचा रस पितं. हे फक्त झाडावर बसतं. खातं काय, तर हवा, धूळ, पावसाचं चार थेंब पाणी. याचं कुणाकडं काही मागणं न्हाई. वैद्य लोक याला रास्ना म्हणतात." मग मला म्हणाले, "मुळं पांढरी दिसली की तहान लागली समज. ओली झाली की हिरवी होतात. भिजव आणि सुकू दे. मातीत घालू नको, मरंल."

आतून अव्वाचा आवाज आला, "सर, चहा ठेवू का?" तेव्हा मला कळलं की झाडाला घरात राहायची परवानगी मिळाली आहे.

आता नांदेडला आमच्या सूनबाईनं काचेच्या गोळ्यात ठेवलेलं असंच एक बिनमातीचं झाड कुरिअरनं मागवलंय. मुठीत मावेल एवढं, परदेशातलं. सोबत छापील कागद आलाय, त्यात आठवड्याला किती वेळ बुडवायचं, पाणी कसलं घ्यायचं ते लिहिलंय. ती फ्लॅटच्या खिडकीत बसून तो कागद वाचते आणि मला विचारते, "अहो आई, बरोबर आहे ना हे?" मी हो म्हणते. आमच्या पाण्याचा हिशेब त्या कागदात कुठं बसत नाही.

कारण आमच्या घरात पाणी एकदाच वापरायची चैन कुणाला नव्हती. घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची, त्या पाण्यात कपडे, त्याच पाण्यात पडवी पुसायची. आप्पा लिंगपूजेला पळीभर पाणी घेत आणि त्यातला थेंब खाली पडू देत नसत. झाडाच्या वाट्याला डाळ धुतलेलं अर्धी वाटी पाणी यायचं, तेही अव्वा घरात नसताना. एका दुपारी मुळं इतकी पांढरी पडली होती की मला राहवलं नाही. मी झाड खाली काढलं आणि त्याची मुळं सरळ पिण्याच्या पाण्याच्या रांजणात सोडली. माझं शास्त्र असं होतं की ते पाणी पीत नाही, फक्त ओलं होतं, म्हणजे रांजण भरलेलाच राहतो. मुळं हळूहळू हिरवी होत होती आणि मी त्यांच्याकडं बघत बसले होते, तेवढ्यात मागं अव्वा.

ती ओरडली नाही. झाड उचलून वाशाला लावलं, रांजणात डोकावली. पाणी फेकणं शक्यच नव्हतं, पाण्याचा टँकर येऊन पाच दिवस झाले होते. तिनं दुहेरी फडकं घेतलं, सगळं पाणी गाळलं, परत भरलं आणि माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी आप्पा जेवायला बसले, तांब्याला तोंड लावलं आणि थांबले. "पाण्याला आज कसला वास यायलाय?"

"रांजण घासला," अव्वा म्हणाली.

ते आमचं दोघींचं पहिलं गुपित. त्यानंतर डाळ धुतलेलं पाणी ती स्वतःच वाटीत काढून ठेवायला लागली. मला द्यायची नाही, कट्ट्यावर ठेवून निघून जायची.

उन्हाळा चढला तसं गल्लीतलं सगळं हिरवं गेलं. रंभाकाकूंची तुळस काडी झाली, कडुलिंबाचीसुद्धा पानं करपली. आणि अशात आमच्या झाडाला पानांच्या बगलेतून एक दांडी आली, तिला कळ्या आल्या, आणि एका सकाळी फुलं. सात फुलं. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर विटकरी रंगाची जाळी, मध्ये जांभळी जीभ. वास असा गोड की मिलच्या धुळीतूनसुद्धा येत होता. शाळेतल्या पोरी बघायला आल्या. समोरच्या ऑफिसातले कारकून पान खायच्या निमित्तानं पडवीपुढून जायला लागले. आप्पा आले, टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "फुल्ल गाडी."

त्याच आठवड्यात समोरच्या ऑफिसच्या साहेबांना न्यायला जीप आली, तिच्यात त्यांच्या बाईसाहेब बसल्या होत्या. जीपमधूनच त्यांना फुलं दिसली. त्या खाली उतरल्या, पडवीपर्यंत आल्या, वाकून वास घेतला आणि मला म्हणाल्या, "आमच्या माहेरी फणसावर असंच असायचं गं." त्यांचा आवाज मऊ होता, कोकणातला. एवढंच बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा शिपाई आला. तो ओट्यावर बसला, तंबाखू मळली आणि कुणाचंच नाव न घेता म्हणाला, "बाईसाहेबांना ते झाड लई आवडलंय. कुणी नेऊन दिलं तर बरं दिसंल. टँकरच्या फेऱ्या हितूनच ठरतात, म्हाईत हायच तुमाला."

नऊ दिवस टँकर आला नव्हता. शिपाई जायच्या आत गल्लीला बातमी कळली. दुपारी रंभाकाकू आल्या, त्यांच्यामागं आणखी चारजणी. कुणी भांडायला आलं नव्हतं. रंभाकाकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नंदे, लेकरा, एक झाडच की गं. माझी नात दोन दिस झाले अंघोळ न्हाई म्हणून रडायलीय." मी म्हणाले, "झाड माझं हाय. सय्यद सर म्हणाले, याचं कुणाकडं मागणं न्हाई. मग याच्याकडं कामून मागायलेत?" सगळ्या अव्वाकडं बघत होत्या. आप्पा सोलापूरला होते.

अव्वानं लुगडं नीट केलं, पदर डोक्यावर घेतला, वाशावरचं झाड काढलं आणि मला म्हणाली, "चप्पल घाल."

साहेबांचा बंगला गावाबाहेर नव्या वस्तीत होता. अर्धा तास आम्ही चालत होतो, भर उन्हात, ती पुढं, मी मागं. तारेचा आकडा तिच्या बोटात आणि फुलं तिच्या लुगड्याला घासत चाललेली. वाटेत दोघांनी विचारलं, "बाई, हे काय विकायला?" तिनं बघितलं नाही. मी मनात तिला जे जे म्हणता येईल ते म्हणत होते. बंगल्याच्या फाटकातून आत गेलो तर समोर हिरवळ होती आणि माळी नळीनं तिला पाणी देत होता. पाणी गवतावरून वाहून फाटकापाशी येऊन आमच्या पायाखाली मातीत मुरत होतं. अव्वा थांबली. पाण्याकडं बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं ती कशाला आलो ते विसरली.

बाईसाहेब बाहेर आल्या. झाड बघून त्यांचा चेहरा फुलला, मग आम्हाला ओळखून गोंधळला. "अहो, हे कशाला आणलंत?"

अव्वानं आकडा पुढं केला. "घ्या बाई. याला पाणी लागत न्हाई. आमाला लागतं."

बाईंना आधी समजलं नाही. मग मी रडत रडत शिपायाचं सगळं सांगितलं, टँकरचं, नऊ दिवसांचं, रंभाकाकूंच्या नातीचं. बाईंचे कान लाल झाले. "मी असं काही मागितलं नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. "मला फक्त माहेरची आठवण आली होती." त्या स्वतः अनवाणी हिरवळीवरून चालत गेल्या आणि नळ बंद केला. माळी बघत राहिला. परत येऊन म्हणाल्या, "झाड घेऊन जा. टँकरचं मी बोलते."

मी हात पुढं केला. अव्वानं माझा हात खाली केला. "दिलं," ती म्हणाली आणि वळली.

टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला आणि पुढं आठवड्यातून दोनदा येत राहिला. झाडामुळं आला की बाईंच्या बोलण्यामुळं, मला माहीत नाही. गल्ली घागरी, कळश्या, तेलाचे डबे घेऊन रांगेत उभी राहिली, मीही राहिले. रंभाकाकूंनी रांगेतला आपला पहिला नंबर अव्वाला दिला. मी अव्वाशी बोलत नव्हते. सांगेल ते काम करायची, विचारेल त्याला मान हलवायची, पण तोंड उघडायची नाही. तिच्यासारखीच झाले होते म्हणा ना. आप्पांनी दोन-तीनदा "काय, गाडी बंद पडली काय?" असं विचारून पाहिलं आणि सोडून दिलं. तिनं पहिल्या क्षणी ते झाड खाली काढलं, मला एका शब्दानं विचारलं नाही, हे मला फार वर्षं टोचत राहिलं. आज तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी पंचवीस वर्षांनी मोठी आहे आणि मला ठाऊक आहे की तिनं विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि मग तिला माझं नाही मोडावं लागलं असतं. तिनं मला तेवढं वाचवलं. पण विचारायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

बंगला शाळेच्या वाटेवर नव्हता, तरी मी वाट वाकडी करून तिकडून जायला लागले. महिनाभरानं फाटकातून पाहिलं तर झाडाची वरची पानं पिवळी पडली होती. बाईंनी मला पाहिलं आणि आत बोलावलं. त्यांचा जीव कासावीस झाला होता. गवताची नळी बंद झाली होती, पण माळी जुन्या सवयीनं झाडाच्या डोक्यावर रोज तांब्याभर पाणी ओतत होता. पानांच्या बेचक्यात पाणी साठून शेंडा कुजला होता. मी मधलं पान धरलं तर ते हातातच आलं, खालून मऊ, घाण वासाचं.

"माझ्याच्यानं होत नाही गं," बाई म्हणाल्या. "तू घेऊन जा. काही करता आलं तर कर."

मी ते सरळ सय्यद सरांकडं नेलं. सरांनी सुरीनं कुजलेला शेंडा छाटला, थोडं थोडं करत, निरोगी हिरवं लागेपर्यंत. शेवटी वीतभर दांडा उरला, त्याला चार पानं आणि मुळं. "वरून आता वाढणार न्हाई," ते म्हणाले. "बाजूनं फुटलं तर फुटलं. वाट बघ. जखमेवर काही लाव, बुरशी नको."

घरी आले तर अव्वा डाळ निवडत होती. झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, उठली. मिसळणाच्या डब्यातली हळद चिमटीत घेऊन तिनं छाटलेल्या जागी दाबून भरली, जशी बसूच्या गुडघ्याला भरायची. मग वाशाला टांगलं आणि म्हणाली, "मेलं तर मेलं. पण हितं मरंल." मी म्हणाले, "हाव." कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

मग पुढं काहीच झालं नाही. दांडा दांडाच राहिला. रोज सकाळी अव्वा तोंडात घोटभर पाणी घ्यायची आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात तसं मुळांवर फुर्र करून मारायची. घोटभर म्हणजे अगदी घोटभर, तिच्या पिण्यातलं. रंभाकाकू म्हणायच्या, "काडीला पाणी घालायलीस." अव्वा बघायची. आधी एक पान गळालं, मग दुसरं. पाऊस आला तोही बेताचाच. मी नववीत गेले. वाशाकडं बघायचं मी सोडून दिलं.

एका सकाळी शाळेत सय्यद सरांचा तास चालू होता. ते फळ्यावर पानाची आकृती काढत होते. दारात कुणीतरी उभं होतं म्हणून सगळा वर्ग तिकडं बघायला लागला. अव्वा होती. पदर कपाळापर्यंत, हातांना पीठ, पायांत चप्पल नाही. ती माझ्या शाळेत कधीच आली नव्हती, प्रवेश घ्यायलासुद्धा आप्पाच आले होते. आप्पांच्या गाडीला काही झालं असंच वाटलं. मी बाकावरून उठून उभी राहिले.

सर म्हणाले, "या, वहिनी. काय झालं?"

अव्वानं त्या चाळीस पोरांकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढ्या लोकांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. तिनं पदर तोंडापुढं धरला आणि अगदी हळू म्हणाली, "कोंब आलाय."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "किती?"

अव्वानं पिठाची बोटं वर केली. "दोन."